छातीवरची खडूची फुली

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालायला माझी ना नाही, वाकणं अजून जमतं. पण उठताना जी धाप लागते ती पाहून तूच म्हणशील की राहू दे रे बाबा, म्हणून या वेळी उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, हे मागच्या वेळी तू पाऊण तास सांगितलं होतंस, पण मी नेमकं उलट लक्षात ठेवलंय अशी तुझ्या भावजयीची खात्री आहे, म्हणून दोन्हींची विचारपूस एकदमच करतो. भावोजींची नवी कवळी बसली का? (बसली नसेल तर त्यांना म्हणावं, कानशीने घासू नका. मी गमतीने सुचवलं होतं. ते खरंच कानस शोधत होते असं कळल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.) इकडे आम्ही दोघं ठीक. म्हणजे एक जण ठीक आहे आणि एका जणाच्या काळजाला भोक आहे. पण ते जुनंच आहे, जन्मापासूनचं, तेव्हा त्यात घाबरण्यासारखं नवीन काही नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू ‘हॅलो’ म्हटल्यापासून ‘बरं, ठेवते’ म्हणेपर्यंत मधे मला बोलायला जागा कुठे असते? शिवाय आत्याने तुला एव्हाना काहीतरी कळवलं असणारच. तिच्या सांगण्यात असं आलं असेल की मी दवाखान्यातून पळालो, अंगावर तो पाठीमागून उघडा झगा होता आणि मला बघून रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. यातलं गाड्यांचं साफ खोटं आहे. मी रस्त्यापर्यंत पोहोचलोच नाही. बाकीचं क्रमाने लिहितो, कारण क्रमाने सांगितल्याशिवाय माझं बरोबर होतं हे कुणालाच पटत नाही. (क्रमाने सांगूनही आत्याला पटलेलं नाही, पण तिला ऐकूच कमी येतं.)

सुरुवात झाली शाळेतल्या गाण्याच्या बाईंच्या पेटीपासून. बाई स्वभावाने शांत. पण पेटीचा भाता हवा धरेना, ओळ संपायच्या आत सूर बसायला लागला आणि वरच्या वर्गातली मुलं तोंडावर हसायला लागली, तेव्हा त्या पेटी घेऊन माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, चार दिवसांत द्या. मी म्हटलं, दोन दिवसांत देतो. (ही माझी जुनी खोड. चाराचे दोन करायचे आणि मग दोनाचे वीस.) भात्यातली गळती शोधायची माझ्या गुरूंची पद्धत तू एकदा दुकानात येऊन पाहिली आहेस आणि पदर तोंडाला लावून हसलीही आहेस. हातभर रबरी नळी, तिचं एक टोक कानात, दुसऱ्या टोकाला चिमुकलं नरसाळं. पेटी मांडीवर घेऊन छातीशी कवटाळायची, डाव्या हाताने भाता हलवायचा आणि उजव्या हाताने नरसाळं सांध्यासांध्यावरून फिरवत न्यायचं. जिथे कानात फुस्स होईल तिथे खडूची फुली. फुली झाली की चामड्याची पट्टी, सरस, वर वजन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी. पस्तीस वर्षं मी हेच करतो आहे आणि या नळीने मला कधी दगा दिलेला नाही. खरं म्हणजे याही वेळी दिला नाही, पण ते मला फार उशिरा कळलं.

पहिल्या दिवशी भात्याच्या कोपऱ्यात खरी गळती सापडली, ती बुजवली. दुसऱ्या दिवशी खात्री करायला नळी लावली, तर माझ्या छातीकडे येतो त्या सांध्यावर फुस्स. बारीक होतं, पण फुस्सच होतं, आणि सलग नव्हतं, ठेक्यात होतं. पट्टी मारली. तिसऱ्या दिवशी तिथेच बोटभर वर पुन्हा फुस्स. पुन्हा पट्टी. मधे बाई येऊन गेल्या, त्यांना मी जरा रागानेच सांगितलं की तुमच्या पेटीला गळतीची सवयच लागली आहे, तिला दोष देऊ नका, तुम्हीच तिला फार जोरात वाजवता. (आता आठवलं की मान खाली जाते.) चौथ्या पट्टीनंतर पेटी इतकी हवाबंद झाली की भाता दाबायला मला दोन्ही हात आणि एक गुडघा लागायला लागला, तरी कानात फुस्स आहेच. सहाव्या दिवशी मी वैतागून पेटी फळीवर ठेवून दिली, नरसाळं सदऱ्याच्या आत खुपसलं, आणि नळी कानातून काढायचंही भान न राहून चष्मा पुसत बसलो. तर पेटी चार हात लांब, भाता बंद, आणि कानात आपलं निवांत फुस्स-धप्प, फुस्स-धप्प चाललेलं. पस्तीस वर्षांची सवय, ताई! डोक्याने विचार करायच्या आत हाताने काम केलं. मी खडू उचलला आणि जिथून आवाज येत होता तिथे, सदऱ्यावर, फुली मारली. मग कुलूप लावून जेवायला घरी गेलो.

ताटावर बसल्यावर तुझ्या भावजयीने विचारलं की हे सदऱ्यावर काय. मी म्हटलं, गळती. ती आधी पोट धरून हसली. माझ्या खांद्यावर नळी तशीच लोंबत होती, ती तिने ओढून घेतली, कानाला लावली, नरसाळं फुलीवर ठेवलं, आणि मला म्हणाली, श्वास घेऊ नका जरा. मी घेतला नाही. ती बराच वेळ ऐकत राहिली. हसणं कधीच थांबलं होतं. मग तिने नळीची व्यवस्थित गुंडाळी केली, माझ्या ताटात जेवढं होतं त्याच्या दुप्पट वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी चांगला इस्त्रीचा सदरा काढला होता. तिने घालू दिला नाही. म्हणाली, फुली आहे तोच घाला, तेवढीच डॉक्टरांची शोधाशोध वाचेल. (या बाईबरोबर मी अठ्ठावीस वर्षं काढली आहेत, हे तू आत्याला अधूनमधून सांगत जा.)

डॉक्टर निघाल्या मुलीच्या वयाच्या एक बाई. केस घट्ट बांधलेले, पायात धावायचे बूट. त्यांनी फुली पाहिली, आपली नळी तिच्या शेजारी ठेवली, ऐकलं, मग फुलीवरच ठेवली, पुन्हा ऐकलं आणि विचारलं, ही कुणी काढली? मी म्हटलं, मी. त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, पेट्या दुरुस्त करतो. त्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या क्षणापासून आम्ही दोघं एका धंद्यातली माणसं असल्यासारखं बोललो. पडद्यावर त्यांनी मला माझं काळीज दाखवलं. तुलाही सांगून ठेवतो: काळजाला चार खोल्या असतात, दोन वर, दोन खाली. वरच्या दोन खोल्यांच्या मधे एक भिंत असते. माझ्या त्या भिंतीचा एक तुकडा आईच्या पोटात असताना व्हायचाच राहून गेला. तिथे बावीस मिलिमीटरचं भोक आहे. (आत्याला सांगताना कोटाच्या बटणाएवढं असं सांग. तिला मिलिमीटर म्हटलं की ती डोंगराएवढं समजते.) त्यामुळे डावीकडच्या खोलीतलं शुद्ध झालेलं रक्त शरीरात जायचं सोडून थोडं थोडं उजवीकडे परत येतं, आणि उजवी बाजू बिचारी तेच तेच रक्त पुन्हा पुन्हा फुप्फुसात ढकलत त्रेपन्न वर्षं जास्तीचं काम करते आहे. मी विचारलं, म्हणजे मी ऐकलं ते त्या भोकाचं फुस्स? तर म्हणाल्या, नाही. भोकातून आवाज होत नाही, पुढच्या झडपेतून जास्तीचं रक्त गर्दी करून जातं त्याचा तो आवाज. गळती एकीकडे आणि आवाज दुसरीकडे! ताई, हे मी पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे आणि एकालाही पटलेलं नाही. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

मग दुरुस्तीचं निघालं. छाती उघडायची गरज नाही म्हणाल्या. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी वर काळजापर्यंत न्यायची, तिच्यातून तारेच्या जाळीच्या दोन चकत्या मिटवून पाठवायच्या, भिंतीच्या पलीकडे एक उघडायची, अलीकडे एक उघडायची, दोघींच्या मधे भिंत पकडली जाते आणि भोक बंद. सहा महिन्यांत वरून आपलंच मांस चढतं. मी म्हटलं, आणि सरस? त्या म्हणाल्या, लागत नाही. मी म्हटलं, बाई, सरसाशिवाय पट्टी मी जन्मात लावलेली नाही. तर त्यांनी खणातून नमुन्याची एक चकती काढून माझ्या हातात दिली. मी ती उघडली, मिटवली, उजेडाकडे धरली, कडा बोटाने पाहिल्या. काम चोख होतं. तरी मी मऊ बकऱ्याच्या चामड्याचा विचार करून बघा असं सुचवलं आणि त्यांनी ते अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. (लिहून घेतलं नाही.) शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की हे आता बंद करायलाच हवं. उजवी बाजू ताणून मोठी झाली आहे. अजून काही वर्षं असंच चालू दिलं तर काळजाचा ठेका बिघडेल, फुप्फुसांच्या नळ्या कडक होतील, आणि मग हे भोक बंद करायची सोयही राहणार नाही. हे त्यांनी चकती परत खणात ठेवता ठेवता सांगितलं.

आता माझ्या पत्राच्या मुख्य मुद्द्यावर येतो. तो मुद्दा काळजाचा नाही, बदनामीचा आहे. लहानपणापासून मला दम लागतो, पळता येत नाही, चढ आला की बसावंसं वाटतं, याचं कारण ते भोक आहे असं त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं. आणि आपल्या घरात त्याला काय म्हणत होते? आळस! बाबा कवायतीचे मास्तर, त्यांच्या शिट्टीवर सगळी शाळा पळायची, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा मैदानाची अर्धी फेरी मारून गवतावर बसायचा. बाबांनी काय काय नाही केलं! पहाटे उठवलं, दोरीच्या उड्या मारायला लावल्या, घड्याळ हातात घेऊन माझ्यामागे पळाले. (घड्याळ त्यांनाच उपयोगी पडलं. वयाच्या साठीपर्यंत ते उत्तम पळत होते.) आत्याने माझं ‘धापाजी’ असं बारसं केलं, ते अजून चालू आहे. आणि शेवटी बाबांनी हात टेकले, म्हणाले हा बसूनच राहणार आहे तर निदान बसायचं काम तरी शिकू दे, आणि मला गुरूंच्या दुकानात नेऊन बसवलं. मी तिथे जो बसलो तो बसलोच. म्हणजे बघ, ते भोक नसतं तर मी आज कुठेतरी शिट्टी फुंकत असतो आणि गाण्याच्या बाईंची पेटी कुणी बिघडवली असती?

तुझ्याविषयीही माझी तक्रार आहे, ती याच ठिकाणी नोंदवतो. शाळेचा तो चढ आठवतो? मी पहिलीत गेलो तेव्हा तू चौथीत होतीस. तेव्हापासून तुझी शाळा संपेपर्यंत, म्हणजे पुरती सात वर्षं, आपण दोघं बरोबर जात होतो, आणि पुरती सात वर्षं आपल्याला उशीर झाला तो तुझ्या चपलेच्या बक्कलामुळे. घर दिसेनासं झालं की तू मोठेपणा मिरवायला माझं दप्तर ओढून घ्यायचीस, ते एक असो. पण चढ लागला, दहावीस पावलं गेलो, की तुझं बक्कल सुटलंच. तू खाली बसणार, ते लावत बसणार, मग पुढे दहा पावलं, की पुन्हा सुटलं. फाटकात बाबा शिट्टी तोंडात धरून उभेच. त्यांनी तुला सगळ्यांसमोर किती वेळा अंगठे धरायला लावले, आणि तू मान वर न करता म्हणायचीस, बक्कल सुटलं हो बाबा. मी ते बक्कल दोनदा दुरुस्त केलं. एकदा दाभणाने नवं भोक पाडून आणि एकदा जीभ वाकवून. माझ्या आयुष्यातली ती पहिली दुरुस्ती, आणि तीच वाया गेली. तुझी शाळा संपल्यावर मी एकट्याने वेळेवर जाईन अशी सगळ्यांना आशा होती, पण त्या वर्षी मी हजेरी कमी पडली म्हणून नापास झालो. आळस, दुसरं काय, असं सगळे म्हणाले.

तर मी डॉक्टरीणबाईंकडे दाखला मागितला. ‘सदर इसम आळशी नाही’ एवढाच मजकूर, खाली सही-शिक्का. त्यांनी असा दाखला याआधी दिलेला नव्हता, तरी विचार करून दिला. पण लिहिलं काय, तर ‘रुग्णास बालपणापासून श्रमाने धाप लागत असणे वैद्यकीयदृष्ट्या संभवनीय आहे.’ संभवनीय! त्रेपन्न वर्षांच्या बदनामीवर संभवनीय! तरी मी तो चौकटीत घालून दुकानात लावला आहे. तुझ्या भावजयीला मोठ्या अभिमानाने दाखवला. तिने चष्मा लावून नीट वाचला आणि शांतपणे विचारलं की ओला टॉवेल गादीवर टाकणं काळजाच्या कोणत्या खोलीतून येतं. पुढच्या तपासणीच्या वेळी विचारायच्या प्रश्नांत मी ते लिहून ठेवलं आहे.

आता दवाखान्याचं. मागच्या गुरुवारी सकाळी मी भरती झालो. चौथा मजला, खिडकीजवळची खाट, शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन, ज्यांना माझ्या आजारापेक्षा माझ्या पत्त्यात जास्त रस होता. (आपल्या गल्लीतल्या सगळ्यांची जुनी पत्रं त्यांनी टाकली आहेत. आत्याबद्दल त्यांचं मत चांगलं नाही.) मला तो झगा दिला. पाठीमागे तीन बंद, त्यांतले दोन तुटलेले. नर्सबाई आल्या, त्यांनी एक कागद पुढे केला आणि इथे इथे सह्या करा म्हणाल्या. मी पेन उघडलं, आणि मला एकदम गाण्याच्या बाईंची पेटी आठवली. तिच्या त्या चार फुकटच्या पट्ट्या मी आदल्या दिवशी उकलून ठेवल्या होत्या, भाता सुटा करून फळीवर, पितळी सूर एका ताटलीत, खिळे दुसऱ्या ताटलीत, आणि सरस भिजत घातलेला. ताई, सरस भिजत घातला की तो वाट बघत नाही. समज, मला काही झालं, तर त्या बाई कुणाकडे जाणार? कुठला सूर कुठल्या घरातला हे माझ्याशिवाय कोण सांगणार? तुझी भावजय त्या वेळी कागदपत्रांच्या रांगेत होती. तेव्हा केवळ गिऱ्हाइकाच्या हिताचा विचार करून मी उठलो, पाठीमागून झगा धरला आणि बाहेर पडलो. याला आत्या पळणं म्हणते.

लिफ्टमधे माणसं होती आणि झग्याची परिस्थिती मी वर सांगितलीच आहे, म्हणून जिना धरला. दीड मजला उतरलो आणि जिन्यात बसलो. उतरताना, ताई! उतरताना मला दम लागला! तेवढ्यात खालून डॉक्टरीणबाई आल्या. त्या व्यायाम म्हणून लिफ्ट वापरत नाहीत. मला पाहून त्या ना ओरडल्या, ना कुणाला बोलावलं. एक पायरी खाली बसल्या आणि म्हणाल्या, इतक्या पेशंटांत खाली उतरताना दमलेले तुम्ही पहिलेच. मी त्यांना सरसाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते पटवून घेतलं. म्हणाल्या, आधी पेटी पुरी करा, मग या. आणि मला तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार दिला. मी वर जाऊन कपडे बदलले, पोस्टमनना नमस्कार केला आणि रीतसर घरी आलो. पेटी परवा पुरी झाली. बाईंनी दुकानातच वाजवून पाहिली. ओळ संपेपर्यंत सूर धरते, आणि संपल्यावरही थोडा वेळ.

तेव्हा एकंदरीत काळजीचं कारण नाही. मी मुळीच घाबरलेलो नाही, हे आत्याला ठासून सांग. सोबत दाखल्याची नक्कल जोडली आहे. तुला विनंती एवढीच की पुढच्या वेळी सगळे जमतील तेव्हा ती उभं राहून मोठ्याने वाच, आत्याच्या चांगल्या कानाकडून वाच, आणि ‘धापाजी’ आजपासून बंद असं जाहीर कर. याशिवाय माझं तुझ्याकडे काही मागणं नाही. भावोजींना नमस्कार, कवळीला शुभेच्छा.

तुझा आळशी नसलेला,
धाकटा

ता. क. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं आणि म्हणाली, खोटं लिहून पाठवणार असाल तर पाकीट मी चिकटवणार नाही. म्हणून दुरुस्ती: त्या दिवशी ती रांगेत नव्हती. ती खाटेशेजारीच होती. नर्सबाईंनी कागद पुढे केल्यावर तो आधी तिनेच वाचला, त्यात काय काय होऊ शकतं याची यादी होती, आणि वाचून झाल्यावर तिने पिशवीतून माझ्या चपला काढून माझ्या पायाशी ठेवल्या. ‘चला’ ती म्हणाली. मी नाही. जिन्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो, माझा झगा मागून तिने धरला होता आणि ती माझ्याहून जास्त रडत होती. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली ती एका अटीवर, की येताना असं एक माणूस घेऊन या ज्याच्यासमोर तुम्हा दोघांनाही पळायची लाज वाटेल.

आणखी एक ता. क. आत्याचं नाव निघालं होतं. पण तिच्यासमोर मला लाज वाटत नाही, पळायचीच इच्छा होते. पेटीचं कारणही, आता खरं लिहायला बसलोच आहे तर, पुरतं खरं नाही. ताई, मी पस्तीस वर्षं लोकांच्या पेट्या उघडतो आहे. उघडताना काय काय होऊ शकतं ते मला ठाऊक आहे. मी उघडलेल्या सगळ्याच पेट्या पुन्हा वाजल्या नाहीत. मला भीती वाटते. हे पत्र लिहायला घेतलं ते हे एक वाक्य लिहायला, आणि त्याला इतकी पानं लागली.

शेवटचा ता. क. त्या दिवशी जिन्यातून परत वर चढताना दहाएक पायऱ्यांवर मला धाप लागली. तशा डॉक्टरीणबाई थांबल्या, खाली बसल्या आणि आपल्या बुटाची नाडी बांधायला लागल्या. नाडी सुटलेली नव्हती. मी पाहत होतो. त्यांनी ती आधी सोडली आणि मग सावकाश बांधली, माझा श्वास बसेपर्यंत. आणि तिथे उभ्या उभ्या मला तुझं बक्कल आठवलं. ते मी चांगलं घट्ट केलं होतं, ताई. दोन्ही वेळा. ते सुटणं शक्यच नव्हतं. सगळं घर मला आळशी म्हणत होतं तेव्हा तुला एकटीला काय ऐकू आलं होतं, देव जाणे. नळी तर तुझ्याकडे नव्हती. वर केलेली तक्रार मी मागे घेतो. तूच ये. गुरुवारचं आहे, बुधवारी सकाळीच ये. दवाखान्याची पिशवी भरून ठेवली आहे, फार जड नाही, पण ती तुझ्याच हातात असलेली बरी. तिथे लिफ्ट आहे. तरी आपण जिन्यानेच जाऊ, तुझे गुडघे आणि माझं काळीज, दोघांनाही थांबायला निमित्त लागेल. तेव्हा बक्कलाच्या चपला घालून ये. या वेळी मी ते दुरुस्त करणार नाही.